मिग, मारुत आणि आजोबांची बागेसरी : सरकारी खरेदीच्या निर्णयाकडे संशोधक म्हणून कसं बघायचं?



मागच्या लेखात आपण 'विषय' आणि 'संशोधनाचा प्रश्न' यांतला फरक बघितला. त्यावर परभणीतल्या अभ्यासिकेतून एका मुलीने विचारलं, "ताई, फरक समजला. पण प्रत्यक्षात विषयावरून प्रश्नावर यायचं कसं? एखादं उदाहरण घेऊन दाखवा ना." म्हणून आज एक उदाहरण घेते. माझा स्वतःचा विषय पदार्थविज्ञानातला, धातूंचा. पण आजचं उदाहरण इतिहासातलं आहे, आणि ते मी मुद्दाम निवडलंय. या उदाहरणात मी स्वतः एकदा सपशेल चुकले होते. ती चूक सांगितली तर तुमच्या पेटच्या मुलाखतीत किंवा संशोधन आराखड्यात तुमची तरी टळेल.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ हे विमान हवाई दलातून निवृत्त झालं. बासष्ट वर्षांची सेवा. त्या दिवशी आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, 'उडती शवपेटी होती, आधीच काढायला हवी होती.' दुसऱ्याचं, '१९७१ जिंकून दिलं, कणा होता हवाई दलाचा.' रात्री बारापर्यंत वाद चालला आणि नेहमीप्रमाणे कुणाचंच मत बदललं नाही.

आता तुम्ही संशोधक आहात असं समजा. यातलं कोणतं वाक्य तपासता येईल? दोन्हीही नाही, कारण दोन्ही निकाल आहेत. प्रश्न असा हवा: १९६२ साली हे विमान निवडताना समोर काय काय पर्याय होते, खिशात किती पैसे होते आणि ते कोणत्या प्रकारचे होते? 'कोणत्या प्रकारचे पैसे' हे शब्द लक्षात ठेवा. माझी चूक तिथेच झाली होती.

१९६२ : टेबलावर काय होतं?

१९६१ च्या सुमारास पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ स्टारफायटर मिळाली. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारं विमान शेजाऱ्याकडे आलं आणि आपल्याकडे तोडीस तोड काही नव्हतं. ब्रिटनचं लाइटनिंग, फ्रान्सचं मिराज-३ ही नावं चर्चेत होती. अखेर ऑगस्ट १९६२ मध्ये, कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, सोव्हिएत युनियनशी मिग-२१ चा करार झाला. सुरुवातीला १२ विमानं, आणि पुढे भारतातच बनवण्याचा परवाना.

मिगच का? वेग आणि उंची ही कारणं होतीच. पण दोन गोष्टी सोव्हिएत प्रस्तावात खास होत्या. एक म्हणजे कारखाना इथे उभा करायची तयारी. दुसरी म्हणजे पैसे रुपयांत घ्यायची तयारी.

दुसरा मुद्दा जरा नीट समजून घेऊ, कारण अर्थशास्त्र न शिकलेल्या आपल्यासारख्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांची इथेच गडबड होते. ब्रिटन किंवा फ्रान्सकडून विमान घ्यायचं तर पौंड-डॉलरसारखं परकीय चलन मोजावं लागणार. ते रिझर्व्ह बँकेत मोजकंच, आणि त्यातूनच परदेशी धान्य, तेल, यंत्रं, खतंही आणायची. सोव्हिएत व्यवहारात मात्र आपण रुपये द्यायचे आणि त्या रुपयांतून त्यांनी आपल्याकडचा चहा, ताग, कातडी, तंबाखू असा माल घ्यायचा. म्हणजे विमान फुकट नव्हतंच. शेतातला आणि कारखान्यातला माल त्याबदल्यात जातच होता. पण दुर्मीळ डॉलरची पेटी उघडावी लागत नव्हती.

युद्ध, यशवंतराव आणि ८६७ कोटी

करारानंतर दोनच महिन्यांनी, २० ऑक्टोबर १९६२ ला चीनचं आक्रमण झालं. मेनन गेले, आणि नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतोय. पण सह्याद्री पोचला तेव्हा तिजोरीत काय होतं, हे शाळेत कुणी सांगितलं नाही.

१९६३-६४ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ८६७ कोटी रुपये ठेवले गेले. आदल्या वर्षीच्या मूळ तरतुदीच्या हा आकडा दुपटीहून जास्त होता. पुढे चव्हाणांच्या काळात १९६४ ते १९६९ अशी संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना आखली गेली. खर्च ५,००० कोटी, सव्वाआठ लाखांचं सैन्य आणि हवाई दलाची ४५ स्क्वाड्रन.

हा पैसा कुठून आला? करवाढ आली, सक्तीची बचत ठेव योजना आली. राष्ट्रीय संरक्षण निधीत बायकांनी अंगावरचे डाग काढून दिले. आणि जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं: नवा दागिना १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचा घडवायचा नाही.

आता आमच्या घरातली गोष्ट

आमचं घर गंगाखेडचं, सोनारकीचं. १९६३ साली माझे आजोबा २८ वर्षांचे होते. आज मी आहे त्याच वयाचे. दुकान म्हणजे ओसरीवरची एक बागेसरी, ऐरण, फुंकणी, मुशी आणि कसोटीचा दगड. गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यांतलं. कापूस विकला की लेकीसाठी पोत नाहीतर डोरलं करायला येणारं.

१४ कॅरेट म्हणजे काय ते साधं गणित करून बघा. २४ भागांत १४ भाग सोनं, म्हणजे सुमारे ५८ टक्के. २२ कॅरेटमध्ये ते जवळपास ९२ टक्के असतं. उरलेला भाग तांबं-चांदीचा. आता धातूंवर काम करते म्हणून मला कळतं की असा मिश्रधातू कडक होतो, जास्त ठोकला की चिरतो, आणि रंगही फिका पडतो. आजोबांना हे पुस्तकाशिवाय कळत होतं. गिऱ्हाइकालाही कळत होतं. आज्जी सांगायची, "बाया म्हणायच्या, असलं पितळ गळ्यात घालून का मिरवायचं?" गिऱ्हाईक थांबलं. देशभर हजारो सोनारांचं काम बसलं, आत्महत्यांच्याही बातम्या आल्या. आमच्याकडे तेवढ्यावर गेलं नाही. आजोबा मोंढ्यात एका आडतीवर हिशेब लिहायला लागले. १९६६ मध्ये १४ कॅरेटची अट उठली, पण तोवर आजोबांचा हात बसला होता तो खतावणीवर. बागेसरी परत पेटली नाही. कसोटीचा दगड तेवढा घरात राहिला. तो आज माझ्या टेबलावर आहे.

मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असताना विभागात एक भाषण द्यायचं होतं, 'विज्ञान आणि समाज' असा काहीसा विषय. मी ही गोष्ट घेतली आणि शेवटी मोठ्या जोशात म्हणाले, "माझ्या आजोबांच्या सोन्यातून देशाची मिग विमानं आली." टाळ्या पडल्या. मीही खूश.

खाली उतरल्यावर माझ्या मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला. "मिगचे पैसे आपण कोणत्या चलनात दिले?"

मी म्हणाले, "रुपयांत."

"आणि सुवर्ण नियंत्रण कशासाठी होतं?"

चोरून येणाऱ्या सोन्यापायी परकीय चलन बाहेर जात होतं. दागिन्यांची मागणी कमी झाली की तस्करी कमी होईल आणि चलन वाचेल, हा हेतू. म्हणजे आजोबांच्या धंद्याला जी अट बसली ती परकीय चलन वाचवण्यासाठी, आणि मिग तर निवडलंच गेलं होतं परकीय चलन लागत नाही म्हणून! माझ्या वाक्यात कारण आणि परिणाम यांची जी दोरी बांधली होती, ती मधूनच तुटली.

मग दोघांचा संबंधच नाही का? आहे, पण तो वेगळा आहे. विहीर आटली की घरातलं पोहऱ्याचं पाणीही कमी येतं आणि गोठ्यातलंही. गोठ्यानं घराचं पाणी प्यायलं असं म्हणता येत नाही, कारण दोन्हीकडची टंचाई एकाच विहिरीची. १९६२-६३ ची विहीर म्हणजे परकीय चलन. तिच्या आटण्यामुळे एकीकडे रुपयांत मिळणारं विमान निवडलं गेलं, दुसरीकडे सोन्यावर बंधन आलं. संख्याशास्त्रात याला समान कारण म्हणतात. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एकीतून दुसरी झाली असं लिहायची घाई करू नका. मी केली, आणि तीही स्वतःच्या आजोबांच्या बाबतीत. आपल्या माणसाचं दुःख असलं की पुराव्याची गरज कमी वाटायला लागते. खरं तर तिथेच ती जास्त असते.

पुढचा तपशील मला नंतर वाचताना सापडला. सोव्हिएत कर्जाच्या करारांत रुपयाचं मूल्य सोन्याच्या वजनात बांधलेलं असायचं. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं. एका डॉलरला ४.७६ रुपये होते ते ७.५० झाले. तेव्हा सोव्हिएत देण्याचा रुपयातला बोजाही त्याच प्रमाणात वर गेला. रुपयांत व्यवहार होता खरा, पण तो रुपयासुद्धा शेवटी कसोटीवर घासूनच घेतला जात होता. आजोबा असते तर हसले असते.

वॉशिंग्टन ते ओझर

मे १९६४ मध्ये चव्हाण अमेरिकेला गेले. पाकिस्तानला दिलेली एफ-१०४ भारतालाही हवी होती. २७ मे ला पंडित नेहरू गेले आणि दौरा अर्धवट सोडून चव्हाणांना परतावं लागलं. एफ-१०४ काही मिळाली नाहीत. त्याच वर्षी चव्हाण मॉस्कोला गेले आणि मिगच्या भारतातल्या उत्पादनाचा मार्ग पक्का झाला.

बघा, 'आपण मिग निवडलं' असं आपण सहज म्हणतो. पण निवड म्हणायला किमान दोन दारं उघडी असावी लागतात. इथे एक दार किमतीने बंद होतं, एक समोरच्याच्या नकाराने. संशोधनात 'निवड' हा शब्द वापरताना दोन ओळी जास्त लिहा: न निवडलेले पर्याय खरंच उपलब्ध होते का?

कारखान्याचं काम तीन ठिकाणी वाटलं गेलं. विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. १ ऑक्टोबर १९६४ ला जुनी हिंदुस्थान एअरक्राफ्ट आणि मिगसाठी काढलेली एरोनॉटिक्स इंडिया यांचं विलीनीकरण होऊन एचएएल झाली.

इथे तुमच्यासाठी एक सापळा ठेवते. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले, तो मतदारसंघ नाशिक. आणि कारखाना आला नाशिकला. काय वाटतं? हात शिवशिवतायत ना वाक्य लिहायला? थांबा. ही दोन सत्यं शेजारी शेजारी आहेत, एवढंच. त्यांना जोडायचं असेल तर जागेच्या निवडीची फाईल, समितीची टिपणं, नाकारलेल्या जागांची यादी असं काहीतरी हातात हवं. माझ्या भाषणातली चूक आणि ही चूक एकाच घराण्यातली.

दुसरी वाट : मारुत

मिगचा करार झाला तेव्हा भारताचं स्वतःचं लढाऊ विमान आकाशात होतं हे किती जणांना माहीत आहे? एचएफ-२४ मारुत. जर्मन अभियंता कुर्ट टँक १९५६ मध्ये बंगळूरला आले, आणि १७ जून १९६१ ला मारुतने पहिलं उड्डाण केलं. मिगच्या करारापेक्षा चौदा महिने आधी.

मारुतचा सांगाडा ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखला होता. पण त्या वेगासाठी लागणारं इंजिन मिळालं नाही. ब्रिटिश कंपनीच्या ऑर्फियस इंजिनाची ताकदवान आवृत्ती विकसित करायची तर खर्च भारताने उचलावा, असा प्रस्ताव होता. आपण नकार दिला. मग साध्या ऑर्फियसवरच विमान उडवलं. दुसरी इंजिनं शोधायचे प्रयत्न झाले, इजिप्तच्या इंजिनाबरोबर चाचण्याही झाल्या, पण जमलं नाही. एकूण १४७ मारुत बनली, १९७१ च्या युद्धात लढली, आणि १९९० मध्ये शेवटची निवृत्त झाली. बैल लहान जुंपलेली मोठी गाडी, अशी तिची कथा.

तेव्हा इंजिनाचे पैसे दिले असते तर? हा प्रश्न मोहात पाडणारा आहे. पण काळजी घ्या. 'असं झालं असतं तर' प्रकारचा युक्तिवाद करताना एकच गोष्ट बदलून बाकी सगळं जसंच्या तसं राहील असं आपण गृहीत धरतो. ते इंजिन वेळेत तयार झालं असतं का, त्यासाठी लागणारी धातुविद्या आपल्याकडे होती का, हेही प्रश्न सोबत येतात. एवढं मात्र नक्की म्हणता येतं: एका वर्षाच्या अर्थसंकल्पात वाचलेली रक्कम दिसते, पुढच्या तीस वर्षांत हुकलेलं कौशल्य कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही. इंजिनाचा प्रश्न आज साठ वर्षांनंतरही आपल्या मागे आहे. त्यावर शेवटी येते.

किंमत वेगळी, खर्च वेगळा

ओझरला मिग-२१ बनत राहिलं. १९७० पर्यंत कच्च्या मालापासून पूर्ण विमान बनवण्यापर्यंत मजल गेली. एचएएलने सहाशेहून अधिक मिग-२१ बनवली. नंतर मिग-२७ आलं, मग २००४ पासून सुखोई-३० एमकेआय. त्या दृष्टीने १९६२ चा सौदा स्वस्तातला ठरला. पण विमानाची किंमत म्हणजे विमानाचा खर्च नव्हे. खर्चात सुटे भाग येतात, देखभाल येते, धावपट्ट्या येतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं, वैमानिकाचं प्रशिक्षण येतं.

मिग-२१ उतरताना फार वेगात असतं. साध्या प्रशिक्षण विमानावर शिकलेल्या तरुणाला एकदम त्यावर बसवणं धोक्याचं. मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं, असं ला फाँटेन समितीने १९८२ मध्येच सांगितलं होतं. ब्रिटिश हॉक विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये. बावीस वर्षं! दर वर्षी काहीतरी जास्त तातडीचं होतं, आणि प्रशिक्षण विमान परेडमध्ये लक्ष वेधून घेत नाही.

मधल्या काळात काय झालं? मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत माहिती दिली. घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली होती, आणि त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्यू पावले होते.

आता विज्ञानाचे विद्यार्थी म्हणून या आकड्याला लगेच प्रश्न विचारा. हे सगळे मिग-२१ होते का? नाही, मिग जातीची सगळी विमानं. किती काळात? सुमारे चाळीस वर्षांत. किती उड्डाणतासांत? हा भाजक त्या आकड्यात नाही, आणि त्याशिवाय दुसऱ्या विमानाशी तुलना करता येत नाही. 'निम्म्याहून जास्त पडली' हे वाक्य खरं आहे, 'म्हणून हे जगातलं सर्वांत वाईट विमान' हे त्यातून निघत नाही.

पण भाजक शोधता शोधता अंश विसरू नका. अंशात माणसं आहेत. २००१ साली फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात मृत्यू झाला. दोष वैमानिकाच्या चुकीवर ठेवला गेला. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी ते मान्य केलं नाही. पत्रं लिहिली, माहिती मागवली, लोकांसमोर प्रश्न मांडला, मिगच्या सुरक्षिततेसाठी वर्षानुवर्षं मोहीम चालवली. माझ्या दृष्टीने त्या माउलीने जे केलं ते संशोधनच होतं. 'वैमानिकाची चूक' या उत्तरावर न थांबता त्या मागे गेल्या: चूक होऊ शकेल अशा जागी त्याला कोणत्या तयारीनिशी बसवलं होतं? एखाद्या अहवालात 'मानवी चूक' असं लिहिलेलं दिसलं की तुम्हीही तिथून एक पायरी मागे जा.

विकणारा देशच संपला तेव्हा

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन विसर्जित झालं. त्याच वर्षी आपल्याकडे परकीय चलनाची विहीर पुन्हा तळाला गेली होती, देशाचं सोनं परदेशी गहाण पडलं होतं. संरक्षणमंत्री होते शरद पवार. ज्या कारखान्यांकडून सुटे भाग यायचे ते आता वेगवेगळ्या देशांत गेले. रुपयांत देवघेव करणारी जुनी घडी मोडली. रशियाशी जुन्या कर्जाचा हिशेब जानेवारी १९९३ मध्ये, येल्त्सिन दिल्लीला आले तेव्हा मिटला.

म्हणजे १९६२ मध्ये जो मुद्दा मिगच्या बाजूने सर्वांत भक्कम होता, तोच तीस वर्षांनी कच्चा दुवा ठरला. निर्णय तेव्हा चुकीचा होता का? तेव्हाच्या माहितीवर नाही. निर्णय जोखताना त्या माणसांना तेव्हा जे माहीत होतं त्यावर जोखा. आपल्याला आज माहीत आहे ते त्यांच्या माथी मारू नका.

१२६ चे ३६ : आपल्या डोळ्यांसमोरचा इतिहास

२००७ मध्ये भारताने १२६ लढाऊ विमानांसाठी निविदा काढली, अंदाज ४२,००० कोटी. सहा कंपन्या उतरल्या, चाचण्या झाल्या, जानेवारी २०१२ मध्ये राफेल सर्वांत कमी बोलीचं ठरलं. मग वाटाघाटी लांबत गेल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये अँटनींनी सांगितलं की त्या वर्षीचा भांडवली निधी जवळपास संपलाय, करार पुढच्या आर्थिक वर्षात जाईल. एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधानांनी पॅरिसला ३६ तयार विमानं घेण्याची घोषणा केली. तेव्हा संरक्षणमंत्री गोव्याचे मनोहर पर्रीकर होते. १२६ विमानं परवडणारी नाहीत, हे त्यांनी उघड सांगितलं. २३ सप्टेंबर २०१६ ला सुमारे ७.८७ अब्ज युरोचा, म्हणजे साधारण ५९,००० कोटींचा करार झाला.

पुढचा राजकीय वाद तुम्हाला माहीत आहे, त्यात मी शिरत नाही. फक्त एक गणित दाखवते. ५९,००० भागिले ३६, म्हणजे एका विमानाला सुमारे १,६४० कोटी. हा आकडा तुम्ही भाषणांत ऐकला असेल. पण त्या रकमेत शस्त्रं, सुटे भाग, तळावरच्या सोयी, देखभाल, भारतासाठी केलेले बदल असं बरंच काही होतं. ही 'एका विमानाची किंमत' नव्हे. उलट, दुसरीकडे नुसत्या सांगाड्याची किंमत सांगितली जाते आणि विमान स्वस्त दाखवलं जातं. दोन्ही बाजू खोटं बोलत नाहीत. दोघांच्या पिशवीत वेगवेगळा माल आहे. तुलना करण्याआधी पिशवी उघडून बघा.

आणि पैसे इतके कमी का पडतात? २०२५-२६ चा संरक्षण अर्थसंकल्प ६.८१ लाख कोटींचा होता. ऐकायला प्रचंड. त्यातले १.६० लाख कोटी निवृत्तिवेतनाचे. पगार, इंधन, देखभाल वेगळी. नवी शस्त्रं, विमानं, जहाजं यांसाठीचा भांडवली भाग १.८० लाख कोटी, आणि त्यातलाही मोठा हिस्सा आधीच सही केलेल्या करारांच्या हप्त्यांत जातो. ज्यांच्या घरी पीककर्ज आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. पट्टी हातात येते तेव्हा मोठी दिसते. बँक, दुकानदार आणि मजुरी वजा केली की नव्या बैलजोडीला काय उरतं, तेवढाच खरा अर्थसंकल्प.

परत ओझर

मिग-२१ निवृत्त व्हायच्या आदल्या दिवशी, २५ सप्टेंबर २०२५ ला, ९७ तेजस मार्क-१ए विमानांचा ६२,३७० कोटींचा करार झाला. १७ ऑक्टोबरला ओझरला तेजसची नवी उत्पादन साखळी सुरू झाली. मंजूर ४२ स्क्वाड्रन असताना मिग गेल्यावर हवाई दलाकडे २९ उरली, म्हणून घाई होती. पण तेजसचं इंजिन अमेरिकेहून येतं, आणि ते उशिरा आल्याने विमानं रखडली. मारुतची आठवण झाली ना? जेट इंजिनाच्या पात्यांना जे तापमान सोसावं लागतं, त्यासाठीचे मिश्रधातू हा माझ्या क्षेत्राच्या अगदी जवळचा विषय. प्रयोगशाळेत भट्टी लावताना कधी कधी वाटतं, इंजिनाच्या त्या नकाराचं उरलेलं काम कुठेतरी आमच्याच टेबलावर येऊन पडलंय.

तुमच्या वहीसाठी

कोणत्याही सरकारी खर्चाच्या निर्णयावर काम करताना हे पाच प्रश्न लिहून ठेवा:

१. दुसरे पर्याय कोणते होते, आणि ते खरंच उपलब्ध होते का?
२. पैसा कोणत्या प्रकारचा होता? रुपया की परकीय चलन, भांडवली की महसुली?
३. आकड्याच्या पिशवीत काय काय आहे, आणि त्याचा भाजक कोणता?
४. दोन घटना एकत्र दिसतात त्यांत कारण-परिणाम आहे, की मागे एकच विहीर आहे?
५. हिशेबात न दिसणारा खर्च कुणी भरला?

गृहपाठ: तुमच्या तालुक्यातली एखादी सरकारी खरेदी किंवा योजना निवडा. धरण, बियाणं, एसटीच्या गाड्या, काहीही चालेल. तिला हे पाच प्रश्न लावून एक पान लिहा. निकाल लिहू नका, प्रश्न लिहा. चांगली पानं आपण पुढच्या वेळी चर्चेला घेऊ.

जाता जाता आजोबांचं एक सांगते. माझ्या त्या भाषणाची गोष्ट मी त्यांना सांगू शकले नाही, ते आधीच गेले होते. पण आज्जीला सांगितली. म्हणाले, "आज्जी, आजोबांच्या सोन्यातून विमान आलं नव्हतं गं, माझं चुकलं." ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "विमान येवो न येवो. भट्टी तर विझली ना." तिचं बरोबर होतं. कारण चुकीचं लिहिलं होतं मी, पण नुकसान खरं होतं. संशोधकाला दोन्ही सांभाळावं लागतं: कारणाबद्दल काटेकोर राहायचं, आणि काटेकोरपणाच्या नादात नुकसान खोडून टाकायचं नाही.

पुढच्या लेखात संसदेतली प्रश्नोत्तरं साधन म्हणून कशी वापरायची ते बघू. तोपर्यंत अभ्यास चालू ठेवा.